सुधारित वेळापत्रक साहेबांस, स. न. वि. वि.

प्रति,
मा. सुधारित वेळापत्रक साहेब,
वैद्यकीय प्रवेश, शेवटची फेरी,
मुक्काम संकेतस्थळ, रात्री अकरानंतर.

विषय : मुदतवाढ दिल्याबद्दल आभार.

महोदय,

आपली मुदतवाढ मिळाली. नेमकी केव्हा मिळाली ते सांगतो, कारण तुमच्याकडे त्याची नोंद नसेल. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका मेडिकल कॉलेजात आम्ही खिडकीपाशी उभे होतो. भाची, तिचे वडील आणि मी. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. साडेपाचला खिडकी बंद होणार आणि तिच्याबरोबर यंदाचा प्रवेशही. बाबूंनी शेवटच्या कागदावर शिक्का मारला आणि तेवढ्यात मागच्या रांगेतला एक पोरगा मोबाइल बघत ओरडला, "अरे, डेट वाढली! गुरुवारपर्यंत!" रांगेतले लोक हसले. आमचे भाऊजी हसले नाहीत. ते गोंदियापासून तिथवर बसूनच आले होते, त्यांनी फक्त पाय मोकळे केले.

आता मागचं. शनिवारी रात्री अकराच्या पुढे भाचीचा फोन आला, "मामा, स्ट्रेची लिस्ट लागली. माझं नाव आहे." स्ट्रे म्हणजे उरलेल्या जागांची शेवटची फेरी. जागा मिळाली याचा आनंद आम्हाला कॉलेजचं नाव वाचेपर्यंतच टिकला. रुजू व्हायची मुदत होती सोमवार, संध्याकाळी साडेपाच. हजर व्हायचं स्वतः, सगळे ओरिजिनल कागद घेऊन. मधे एक रविवार.

साहेब, तुम्ही नकाशा पाहिलाय का? महाराष्ट्र एक्सप्रेस नावाची एक गाडी आहे. ती सकाळी गोंदियाहून निघते, राज्याची हद्द न ओलांडता नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे करत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोचते. एका राज्याच्या आत एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र. तुमच्या लेखी मात्र यादी आणि खिडकी यांच्यामधे अंतर नसतंच, असतात ते फक्त तास. जो पुण्यात राहतो त्यालाही तेवढेच तास, जो गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या पुढे राहतो त्यालाही तेवढेच. याला तुम्ही समान संधी म्हणत असाल. म्हणा.

रिझर्व्हेशन अर्थातच नव्हतं. पहाटे गाडी ठरवून नागपूर गाठलं, तिथून दुपारची ट्रॅव्हल्स. गाडीवाल्याने तोंड बघून भाडं सांगितलं. एवढ्या रात्री, एवढ्या घाईत, मेडिकलची ॲडमिशन म्हणजे पैसे असणारच, असा त्याचा हिशेब. भाऊजींचं अर्धं धान शेतात उभं होतं, अर्धं कापून बांधीत पडलेलं. आधारभूत केंद्रावर विकून त्याचे पैसे हाती यायला अजून अवकाश होता. भाड्याचे पैसे कोणाकडून उसने घेतले ते इथे लिहीत नाही, गावात हे पत्र वाचलं जाईल.

आणि डीडी! साहेब, तुमच्या सगळ्या किमयांमधे मला ही सर्वांत आवडते. अर्ज ऑनलाइन, चॉईस फिलिंग ऑनलाइन, यादी ऑनलाइन, नोटीस ऑनलाइन. पण फी भरायची ती डीनच्या नावाने काढलेल्या डिमांड ड्राफ्टने. रविवारी बँक बंद. सोमवारी सकाळी आम्ही त्या परक्या शहरात आमच्या बँकेची शाखा शोधत फिरलो. सापडली, तर काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खातं कुठल्या ब्रँचचं?" गोंदिया म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, जणू आम्ही छत्तीसगडहून आलोय. ड्राफ्ट दिला, पण दुपारी दीडला. त्या बाईंवर माझा राग नाही. चहा पाजला त्यांनी.

बाकीच्या तक्रारींना एकेकच ओळ देतो. नॉन-क्रिमिलेअर मार्चअखेर संपतं आणि तुमची फेरी पुढच्या मार्चला जाऊन टेकेल की काय, अशी दरवर्षी धाकधूक असते. जात वैधतेचं ओरिजिनल एकच असतं आणि ते प्रत्येकालाच हवं असतं. भाची एक वर्ष ड्रॉप होती, म्हणून गॅपचं ॲफिडेव्हिट. तुम्ही दिलेला मदत क्रमांक आम्ही फिरवला होता. तो मदत क्रमांकच आहे, एवढी खात्री पटली.

हे मी एकांगी लिहितोय. दुसरी बाजू असेलच, पण ती मांडायला तुमच्याकडे पीडीएफ आहे.

तुम्ही म्हणाल, जवळचं कॉलेज का नाही घेतलं? गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आहे ना! आहे तर. २०१६ पासून आहे, केटीएस जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने सुरू झालेलं. त्याच्या नव्या इमारतीची कोनशिला २०२४ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे उपराष्ट्रपती येऊन बसवून गेले. आमच्याकडे आधी डॉक्टर बाहेर पडतात, मग पाया खणला जातो. तर त्या कॉलेजात शिरायला जो नंबर लागतो, तो भाचीचा नव्हता. पूर्वी राज्यात ७०:३० होतं. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, म्हणजे विदर्भाच्या विदर्भाला. सप्टेंबर २०२० मधे ते रद्द झालं. मराठवाड्यावर त्याने अन्याय होत होता म्हणतात. असेल, मी नाही म्हणत नाही. पण आता लातूरचा मुलगा गोंदियात येऊन आमच्या उन्हाला शिव्या घालतो आणि गोंदियाची मुलगी तिकडे घाटाखालच्या पावसाला. एक राज्य, एक यादी, मान्य. मग त्या एका राज्याएवढी लांब मुदत तरी द्या.

खरं सांगू का, हे पत्र लिहायला घेतल्यावर मधेच तुमची थोडी कीव आली. तुमच्या हातात आहे तरी काय? दिल्लीची अखिल भारतीय फेरी पुढे सरकल्याशिवाय तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. तिथे जागा मिळून कोण जातो आणि त्याची इकडची कोणती जागा सुटते, याची वाट बघत तुम्ही उंबऱ्यावर बसलेले. २०२४ चंच बघा. नीट झाली ५ मेला. निकाल १४ जूनला यायचा, तो ४ जूनलाच आला. आयुष्यात एकदाच काहीतरी वेळेआधी झालं आणि त्याचं काय झालं ते देशाने पाहिलं! ग्रेस मार्क, पेपरफुटी, १५६३ जणांना पुन्हा परीक्षेची संधी, सर्वोच्च न्यायालय, आणि अंतिम निकाल २६ जुलैला. वर्ग १ ऑक्टोबरला सुरू व्हायचे आणि भंडारा, गडचिरोलीच्या नव्या कॉलेजांचं उद्घाटन ९ ऑक्टोबरला. डिसेंबरात जागा रिकाम्या राहिल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेरी घ्यायला लावली, ३० तारखेपर्यंत. डॉक्टरांचा तुटवडा असताना जागा वाया जाऊ नयेत, हे न्यायालयाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तुम्ही तरी काय करणार? सगळे मोठे लोक तुमच्या अंगावर आपापली तारीख टाकून जातात आणि तुम्ही ती घडी घालून आमच्या अंगावर टाकता.

पण कीव इथेच संपते. कारण वरच्यांनी उशीर केला की तो निस्तरायला तुम्ही आणखी चार दिवस शोधून काढता. खालचा अर्धा तास उशिरा पोचला, की जागा रद्द. हे दिवस येतात कुठून, साहेब? गुरुवारपर्यंतचे तीन दिवस शनिवारी रात्री अकराला तुमच्याकडे नव्हते का? होतेच ना! मग तेव्हाच का नाही दिलेत?

भाचीच्या शिकवणीतला एक मुलगा आहे, सालेकसा तालुक्यातला. बाप मजुरीला जातो. त्याचा नंबर हिच्या जवळपासच होता. त्याने स्ट्रेला चॉईसच भरली नाही. अभ्यासात मागे नाही, इच्छाही होती. बापाने एकच प्रश्न विचारला, "लांबचं लागलं अन् आपण पोचलोच नाही, तं?" कोणी तरी त्यांना सांगितलं होतं की अखिल भारतीय कोट्यात स्ट्रेची जागा लागून गेलं नाही तर अनामत जाते, वर पुढच्या नीटलाही बसू देत नाहीत. तो नियम इकडचा की तिकडचा, हे समजून घ्यायला त्या घरात कोण होतं? घाबरून घरीच थांबले. गुरुवारपर्यंत मुदत आहे हे आधी कळलं असतं, तर ते जनरलच्या डब्यात उभे राहून गेले असते. तुमच्या यादीत तो "नॉट फिल्ड" म्हणूनही दिसत नाही. तो कुठेच दिसत नाही. त्याची जागा ज्याला मिळाली, त्याच्या घरी गाडी होती आणि तुमची नोटीस वाचायला एखादा मामा होता. आमच्याकडेही होता, म्हणून आमची पोरगी आत आहे. मला याची लाज वाटते आणि तुमचा संताप येतो. लाज मी माझ्याजवळ ठेवतो, संताप तुम्हाला पाठवतोय.

भाची शिकते आहे. तिच्या बॅचचं हाताचं विच्छेदन ती पोचायच्या आधीच उरकलं होतं. ती आता दुसऱ्यांच्या वह्यांवरून हात शिकते आणि सगळ्यांबरोबर पाय. हजेरी थिअरीला पंच्याहत्तर आणि प्रॅक्टिकलला ऐंशी टक्के लागते. न आलेल्या दिवसांचा हिशेब कसा धरणार, ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मागणी एकच करतो. शेवटच्या फेऱ्यांत मुलाला जवळच्या कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजात रुजू होऊ द्या. सालेकशाच्या मुलाने गोंदियात कागद दाखवावेत, तिथल्याच बाबूंनी शिक्का मारावा, फी ऑनलाइन घ्यावी आणि मग आठ दिवसांत त्याने आपल्या कॉलेजात जावं. कागद तेच, शिक्का सरकारी, फक्त गाव बदलेल. यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागणार नाही असं वाटतं.

कळावे,
आपला,
एक मामा, जिल्हा गोंदिया

ता. क. : सालेकशाचा मुलगा पुन्हा नीटला बसतोय. अर्ज भरायची शेवटची तारीख मी त्याला कळवली आहे. तुम्ही ती वाढवलीत, तरी त्याला सांगणार नाही.