खाणीला विरोध कसा करावा : नवशिक्यांसाठी

साहित्य : एक डोंगर, त्याच्या पायथ्याचा एक झरा, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं (भरपूर), एक जाड फाईल आणि ज्याचा डंपर नाही असा निदान एक गावकरी. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, तेव्हा आधी तिची तजवीज करा.

खाण येते आहे हे ओळखणं सोपं. गावात पांढरी बोलेरो येते, उतरलेली माणसं घरांकडे न बघता डोंगराकडे बघतात. दगडावर चुन्याच्या खुणा उमटतात. तलाठ्याला विचारलं तर तो म्हणतो, "मोजणी आहे." पंधरवड्यात देवळाच्या जीर्णोद्धाराला न मागता मोठी देणगी येते आणि क्रिकेट स्पर्धेचा चषक कमरेएवढा होतो. चौथं लक्षण दिसेपर्यंत थांबू नका.

नवशिका इथे पहिली घाई करतो ती फ्लेक्सची. फ्लेक्स लावू नका. 'डोंगर वाचवा' या दोन शब्दांवर कोणाचं भांडण होत नाही, पण खालच्या फोटोंत कोणाचा मोठा आणि कोणाचा कोपऱ्यात, यावरून पहिल्याच आठवड्यात दोन गट पडतात. खाणवाला तेवढ्याचीच वाट बघत असतो.

फ्लेक्सचे पैसे वाचवून ग्रामसभेचा अभ्यास करा. विरोधाचं खरं मैदान तेच, आणि ते बहुधा रिकामं असतं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तेव्हा 'आज सभा होणार नाही' असं कळून सगळे घरी गेले, तर नंतरच्या सभेत सरपंच, ग्रामसेवक आणि चहावाला मिळून गावाचं मत ठरवू शकतात.

आता विषयपत्रिका. त्यात 'दगडखाणीस ना हरकत दाखला देणे' असं कुठेही लिहिलेलं नसेल. दिवाबत्ती, घरकुल, पाणीपट्टीची थकबाकी असे विषय असतील आणि सर्वांत शेवटी एक निरुपद्रवी ओळ : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. डोंगर या ओळीतून जातो. लोक चपला शोधायला उठले की तो विषय निघतो, आणि कोणी खोकलं तर ते अनुमोदन धरलं जातं. म्हणून शेवटपर्यंत बसा. घरी पाहुणे आलेत, म्हैस व्यायली, काहीही निरोप आला तरी हलू नका.

ठराव विरोधात झाला तरी टाळ्या वाजवून निघू नका. प्रोसिडिंग बुकाजवळ जा. ठराव तिथेच, त्याच वेळी लिहून घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं घाला आणि मोकळ्या राहिलेल्या जागेवर आडवी रेघ मारायला लावा. रिकाम्या चार ओळींत पुढच्या महिन्यात काय उगवेल याचा नेम नसतो. रेघ मारताना ग्रामसेवक म्हणेल, "आबा, माझ्यावर विश्वास नाही होय?" आबांनी म्हणावं, "तुमच्यावर आहे हो, तुमच्या बदलीवर नाही." मग पानाचा फोटो काढा आणि सहीशिक्क्याची प्रत मागा. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रात दगड-मुरुमासारख्या गौण खनिजासाठी ग्रामसभेची शिफारस कायद्यानेच लागते. इतरत्र ठरावाचं वजन टेबलामागे बसलेल्या साहेबावर अवलंबून असतं, पण ठरावच नसेल तर साहेब काय तोलणार?

यानंतर खाणीची कागदपत्रं मागणारा माहितीच्या अधिकारातला अर्ज. उत्तराला ३० दिवस. उत्तर आलं की पहिल्यांदा खाणीचं क्षेत्रफळ बघा. ते ४.९ हेक्टर असेल तर दचकू नका, हा योगायोग देशभर घडतो. पाच हेक्टरांच्या आतल्या सुट्या खाणीला जनसुनावणी लागत नाही. पूर्वी तर तिला पर्यावरण मंजुरीसुद्धा लागत नसे. तुकडे पाडून पळवाट काढायची ही युक्ती ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये लहान खाणींनाही मंजुरी सक्तीची केली. शेजारची खाण ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्हींचं क्षेत्र एकत्र धरावं लागतं. तेव्हा पोरांना मोबाईलवर रील बनवण्याऐवजी त्याच मोबाईलवर अंतर मोजायला बसवा.

खाणीचा पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल हाती आला तर तो मोठ्याने, चावडीवर वाचा. करमणूक चांगली होते. 'परिसरात कोणताही जलस्रोत नाही' हे वाक्य झऱ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना ऐकवा. झाडांची यादी म्हाताऱ्यांकडून तपासून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचा मजकूर जसाच्या तसा उतरला होता. तुमच्या डोंगरावर बर्फ पडत असल्याचं आढळलं तर हसू आवरा आणि पान क्रमांक लिहून ठेवा.

जनसुनावणी लागलीच तर नोटीस ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. अध्यक्षपदी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. इथेही गणपूर्तीची अट नाही. तुम्ही बहिष्कार टाकून बाहेर घोषणा देत बसलात तर आत सुनावणी शांततेत 'पार पडते'. आत जा, एकेकाने बोला, लेखी हरकत द्या आणि शेवटी वृत्तांत वाचून दाखवतात तेव्हा कान उघडे ठेवा. भाषण करू नका. 'बार उडाला की माझ्या मांडणीवरची भांडी पडतील, विहिरीचं पाणी जाईल, आंब्याच्या मोहोरावर धूळ बसेल' एवढं सांगणारी काकू दहा पुढाऱ्यांना भारी असते.

एक प्रश्न हमखास येईल : "रस्ता हवा, घरकुल हवं, मग खडी कुठून आणायची?" हा प्रश्न खोटा नाही. त्याच ग्रामसभेत ठराव क्रमांक चारने तुम्ही पक्का रस्ता मागितलेला असतो आणि सातने खाण नाकारलेली असते. खडी कुठल्या तरी डोंगरातूनच येणार. तेव्हा 'खडी नको' म्हणू नका, 'झऱ्यावर आणि घरांच्या डोक्यावर नको' म्हणा आणि ते म्हणताना थोडी लाज वाटली तर वाटू द्या.

"बांध घालू, काही होणार नाही," असं कोणी म्हणालं तर कळणे गावाचं नाव घ्या. दोडामार्ग तालुक्यातल्या त्या गावाने लोहखनिजाच्या खाणीला विरोध केला, तरी खाण झालीच, आणि जुलै २०२१ मध्ये तिचा बांध फुटून लाल चिखलाचं पाणी घरांत, बागायतीत शिरलं.

खाणवाल्याचा अर्ज फेटाळला गेला तर फटाके मागवू नका. तो अर्ज गट नंबर बदलून, भाच्याच्या नावाने, भातलावणीच्या गडबडीत परत येतो. त्या दिवशी फाईल सापडली पाहिजे. म्हणून ती पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराकडे ठेवू नका, देवळाच्या कपाटातही नको. जिचं शेत डोंगराला लागून आहे त्या आजीच्या तांदळाच्या कणगीमागे ठेवा. पुढच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्याने मागितली तर त्याला झेरॉक्स द्या.