उधारी न विसरण्याचा आहार : ढाणकीकरांसाठी मार्गदर्शिका

स्मरणशक्ती वाढवायची ठरली की पहिलं काम बदाम आणणे. सात मोजून रात्री भिजत घालावेत. सकाळी ते आपण होऊन आठवले, तर तुम्हाला बदामांची गरज नाही. न आठवल्यास संध्याकाळी म्हशीच्या ढेपेत टाकावेत. ढाणकीची म्हैस घर चुकत नाही ती उगाच नव्हे.

अक्रोडाबद्दल इतकंच, की तो मेंदूसारखा दिसतो. गावात हा पुरावा पुरेसा मानतात. त्यातल्या ज्या ओमेगा-३चं कौतुक होतं, ते जवसात दुपटीहून जास्त असतं. पण जवस पडला आपल्या उमरखेड तालुक्यातल्या डब्यातला, अक्रोड काश्मीरचा. मान कोणाला मिळणार? तरी जवसाची चटणी गुपचूप करून पाहावी. जवस खरपूस भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटावा. अख्खा खाऊ नये, दाणा आला तसा जातो. मीठ आयोडीनचं घ्यावं. बाळाचा मेंदू पोटात घडत असल्यापासून आयोडीन लागतं.

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी यांत बी-१२ मात्र नाही, आणि विसराळूपणामागे कधी कधी त्याचीच कमतरता निघते. माळकऱ्यांनी दूध-दही घ्यावं, बाकीच्यांनी रविवारच्या मटणाला औषध म्हणावं.

एकाग्रतेसाठी काय, यावर पानठेल्यावर एकमत आहे : तंबाखूचा खर्रा. पन्नीत खर्रा घोटणाऱ्याची एकाग्रता खरोखर पाहण्याजोगी असते. खाणाऱ्याचं गणित वेगळं. निकोटिन थोडा वेळ तरतरी देतं, मग ती गेली म्हणून पुन्हा मागायला लावतं. सावकारीही अशीच चालते. शिवाय तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडतात, आणि मेंदूचं सगळं दुकान त्यांच्यावर. हा गृहस्थ वजनाला शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जेतला पाचवा हिस्सा एकटा खातो. जावई परवडला.

अमेरिकेत पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा आणि बेरी यांचा ‘माइंड’ नावाचा आहार २०१५पासून गाजतो आहे. २०२३ साली त्याच्या तीन वर्षांच्या चाचणीचा निकाल आला : हा आहार घेणारे आणि नेहमीचंच पण थोडं कमी खाणारे, दोघांच्या बुद्धीत म्हणावा असा फरक नाही. बेरीऐवजी बोरं चालतील का, हे विचारायला आपल्याकडे कोणी आलं नव्हतं.

महिनाभराने स्वतःची परीक्षा घ्यावी. किराणा दुकानात जाऊन आपल्याकडे उधारीचे किती निघतात ते आधी स्वतः सांगावं, मग दुकानदाराला विचारावं. तुमचा आकडा कमीच भरेल.

“काऊन बाप्पा, बदाम खाता न तुम्ही?” असं म्हणत तो वही उघडेल. पहिली नोंद बदामांचीच असेल.