पंधराशे नेमके कुणाचे?

(2021, कोरोनाचे निर्बंध चालू असताना, कुंपणाशी दोघी शेजारणी)

"वहिनी, मास्क वर घ्या आधी, मग बोला."

"अहो काकू, मधे कुंपण आहे, जास्वंद आहे, आणखी किती लांब उभी राहू? कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याकडे काल रात्री भांडण झालं, ऐकलंत का?"

"आवाज आला. मला वाटलं टीव्ही."

"कसला टीव्ही! सरकारच्या पंधराशेंवरून जुंपली होती. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी 5,476 कोटी जाहीर केले ना, त्यात परवानाधारक रिक्षाचालकांना 1,500 रुपये."

"बरंच झालं की. वर्षभर धंदा नाही बिचाऱ्याला."

"बरं कुणाचं झालं ते ऐका. परवाना त्याच्या नावावर नाहीच! रिक्षा पेठेतल्या शेठची, हा रोजच्या भाड्यानं चालवतो. पैसे गेले शेठच्या खात्यात. बायको म्हणते, जा, माग. हा म्हणतो, मागितले तर उद्या रिक्षा दुसऱ्याला देईल."

"शेठनं आपणहून द्यायला हवेत."

"शेठनं! काकू, तुम्ही पण ना..."

"पण सरकार तरी काय करणार? त्यांच्याकडे यादी परवान्यांची. हँडल कुणाच्या हातात आहे ते त्यांना काय ठाऊक?"

"यादीचंच म्हणता तर गेल्या वर्षीचं घ्या. जनधन खातं असलेल्या बायकांना केंद्राचे महिन्याला 500, एप्रिल ते जून. समोरच्या बंगल्यातल्या मामींना तिन्ही महिने आले! बँकेतल्या भाच्यानं टार्गेट भरायला त्यांचं खातं उघडलं होतं म्हणे. आणि आपल्या धुणंभांडीवालीचं खातं साधं, तिला छदाम नाही."

"मामी कधी बोलल्या नाहीत!"

"कशाला बोलतील? पासबुक भरून घेत होत्या, तेव्हा रांगेत मी त्यांच्या मागेच होते."

"रेशनला मात्र नावं ठेवू नका हं. माणशी 5 किलो फुकट, खरंच मिळालं लोकांना."

"नाही ठेवत. रेशन नसतं तर आपल्या मागच्या वस्तीत चुली पेटल्या नसत्या. पण अन्नसुरक्षेच्या यादीत नाव नसलेले केशरी कार्डवाले? त्यांचा नंबर लागेपर्यंत मे उजाडला, आणि तेही विकत. गहू 8 रुपये, तांदूळ 12. माझा दीर त्यातलाच, कारखाना बंद, पण कार्डाचा रंग काही बदलला नाही."

"यंदा घरकामवाल्यांनाही 1,500 आहेत ना?"

"नोंदणी चालू असली तर. आपल्या धुणंभांडीवालीनं एकदा केली, पुढं नूतनीकरण कोण करतो? बांधकामावरच्यांचंही तेच. 90 दिवस काम केल्याचा ठेकेदाराचा दाखला आणा म्हणतात. आणि ठेकेदार तर सहीला पेन उचलत नाही, उद्या हाच कागद घेऊन कुणी हक्क सांगेल म्हणून."

"मग गेल्या वर्षी धुणंभांडीवालीचं भागलं कसं हो?"

"आपल्यासारख्यांच्या पगारावर. आम्ही ती येत नसतानाही दोन महिने पूर्ण दिला. तिसऱ्याला अर्धा, ह्यांचाच पगार कापला होता. तुम्ही?"

"आम्ही... मार्चचा दिला. पुढचा तिनं मागितला नाही."

"मागितला नाही म्हणून?"

"तसं नाही, वहिनी. तिची सून कमावती होती तेव्हा."

"सून तुमच्या बहिणीकडेच भांडी घासायची ना? त्यांनी चालू ठेवला होता पगार?"

"तिला विचारायला हवं."