शेपूट बघणारे अण्णा

लग्नाचा अल्बम द्या, जुना दिवाळी अंक द्या, नाहीतर कुणाच्या वडिलांचा एनसीसीतला पिवळा पडलेला फोटो द्या. आमचे जळगावचे अण्णा त्यातली माणसं बघतच नाहीत. माणसांच्या मागे विमानाचं शेपूट आहे का, तेवढं बघतात. दिसलं की त्यावरची नोंदणीची अक्षरं वाचायला खिशातून भिंग बाहेर. "व्ही टी म्हणजे भारतातलं. पुढे 'जी' आहे ना? मग ग्लायडर, बिनइंजिनाचं!" राहिलेली दोन अक्षरं नेमकी कुणाच्या तरी फेट्यामागे गेलेली असतात. त्या फेट्यावर अण्णांचा जन्मभराचा राग.

अण्णा निवृत्त तलाठी. विमानांची जुनी नोंदवही ते सातबारा वाचावा तशी वाचतात. बनावट कोणती, कारखान्याचा क्रमांक काय, पहिला मालक कोण, नोंद रद्द कधी. "फेरफार दाखवा," हे त्यांचं पालुपद. ग्लायडर लाकूड-कापडाचे; एकाचं धड शाबूत, दुसऱ्याचे पंख शाबूत, की दोघांचं मिळून एक व्हायचं. "आता सातबारा कुणाच्या नावावर?" असं विचारून अण्णा रात्री साडेअकराला फोन ठेवतात. झोप आपली जाते.

त्यात नागरी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी आपल्या ग्लायडरना नक्षत्रांची नावं दिलेली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. चहाच्या टपरीवर केळीवाला शेतकरी म्हणाला, "यंदा रोहिणी कोरडी गेली." अण्णा लगेच, "रोहिणी १९६१ ला उडाली. दोघं शेजारी-शेजारी बसतात. आर्द्रेत पुढे-मागे." शेतकऱ्याने चहा तसाच ठेवला अन् मला हळूच विचारलं, "अण्णाले काय व्हयनं?"

धुळ्याला साडूकडे गेले की गोंदूरच्या धावपट्टीवर चक्कर ठरलेली. तिथे शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत असतात. अण्णा मान वर करत नाहीत. "इंजिनवाली आहेत, चालू आहेत. त्यांचे कागद कुठे जात नाहीत." ज्याचं लाकूड सडलं, मालक वारला, वहीत नुसतं 'रद्द' उरलं, अशाच ग्लायडरांत त्यांचा जीव.

काकू ओट्यापाशी वांगी भाजता भाजता म्हणतात, "चाळीस वर्षं झाली, आमच्या लग्नाची नोंद करायला वेळ नाही या माणसाला." अण्णा भिंगातूनच उत्तर देतात, "तू रद्द झालेली नाहीस ना? मग घाई काय?" यावर वांग्याचा एक ठसका मुद्दाम त्यांच्या दिशेने येतो.

मला वैताग येतो, खोटं कशाला बोलू. पण सरकारी वहीतल्या एका ओळीसाठी इतकं झुरणारा दुसरा माणूस खानदेशात मला भेटलेला नाही.

तुमच्या घरात कुणी पुण्यात हडपसरला ग्लायडिंग केलेलं असेल, तर जुने फोटो फ्रेममध्ये बसवायला कापू नका. कापायचेच असतील तर माणूस कापा, शेपूट राहू द्या.