मुळांचा पंचनामा

यवतमाळ जिल्ह्यात काळ्या मातीची निंदा करणे हा कायद्यात नमूद नसला तरी लोकदरबारात हमखास शाबीत होणारा गुन्हा आहे. आणि ज्या जमिनीने वणीपासून पुसदपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या कपाशीवर माणसे जगविली, तिच्याविषयी चार कुंड्यांच्या मालकाने ब्र काढावा, हे कोणाही कास्तकारास असह्य व्हावे यात नवल नाही. तथापि पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता मी असे निवेदन करतो की, ही माती कुंडीत घालण्याच्या लायकीची नाही.

आमचे शेजारी, सेवानिवृत्त पटवारी, या विधानास कदापि रुकार देत नाहीत. मृगाच्या सरी पडून हवा निवली आणि मी जास्वंदीची कुंडी ओट्यावर आडवी करून तिच्या बुडावर थापट्या देऊ लागलो, की ते वर्तमानपत्राची घडी करून फाटकाशी हजर होतात. झाड बाहेर निघते तेव्हा माती अशी दिसतच नाही. मुळांनी आतल्या आत फेऱ्या घालून सारी जागा बळकाविलेली असते, आणि एकदोन मुळे तर तळाच्या छिद्रातून बाहेर येऊन हद्दवाढीचा अर्ज करीत असतात. पांढरी, ताठ मुळे कामावर कायम. तपकिरी, बिलबिलीत आणि कुबट वासाची तात्काळ बडतर्फ. मी कात्री उचलताच पटवारीसाहेब कळवळतात, "काऊन जी, जित्या झाडाचे मुळं कापून राह्यले तुम्ही?" आणि उतारा म्हणून आपल्या वावरातली घमेलेभर काळी माती देऊ करतात.

या मातीचा स्वभाव मोठा लहरी. पाणी मिळाले की ती फुगून अशी चिकट होते की मुळांना श्वासापुरतीही हवा राहत नाही. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आकसून कुंडीची कड सोडते, आणि वरून घातलेले निळोणा धरणाचे मोलाचे पाणी त्या फटीतून, मुळांची गाठभेट न घेता, परस्पर ओट्यावर येते. वावरात भेगा पडल्या तरी खाली आणखी माती असते आणि कपाशीचे सोटमूळ ओल शोधीत खोल उतरते. कुंडीत खाली फक्त छिद्र असते.

म्हणून मी गाळाची माती, रेती आणि पुरते कुजलेले शेणखत एकत्र करतो, छिद्रावर खापराचा तुकडा ठेवतो आणि नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटेच रुंद घेतो. कारण अवाढव्य कुंडीतल्या जास्तीच्या मातीतले पाणी प्यायला मुळेच नसतात, आणि ते साचून झाड कुजते. सारी हयात एकर-गुंठ्यांत मोजणी केलेल्या गृहस्थास ही दोन बोटांची मंजुरी म्हणजे निव्वळ कंजूषपणा वाटतो, आणि तसे ते बोलूनही दाखवितात.

वाचकांस विनंती एवढीच की, भर उन्हाळ्यात झाडाची कुंडी बदलू नये, बदलल्यावर आठवडाभर ते सावलीत ठेवावे, आणि कोणी प्रेमाने काळी माती आणून दिलीच तर नाही म्हणू नये. अंगणात मोकळी जागा पाहून तिच्यात कपाशी लावावी.