चाळीस माणसांची गर्दी

ख्यालात शब्द कळले नाहीत तरी आपलं काही अडत नाही. मान कधी डोलवायची, ‘क्या बात है’ कुठे म्हणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. डेथ मेटलमध्येही शब्द कळत नाहीत. फक्त मान मुळापासून हलवावी लागते आणि दुसऱ्या दिवशी ती वळत नाही. एवढा त्याग करायला तयार असलेली माणसं एका गावात किती निघणार?

माझा भाचा अशा एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यांची गाणी म्हणे पोलंडमध्ये ऐकली जातात, ब्राझीलमधून टी-शर्टची मागणी येते. डोंबिवलीत कार्यक्रम ठेवला की समोर उभे असतात ते आधी वाजवून झालेल्या बँडचे चार, नंतर वाजवणाऱ्या बँडचे पाच, कोणाची तरी मैत्रीण आणि मी. “मामा, आपल्याकडे पब्लिकच नाही,” असं तो म्हणतो. मला वाटतं, पब्लिक आहे; पण त्याला आत यायला दार नाही.

एकेकाळी ते दार होतं. मुंबईत धोबी तलावचं खुलं नाट्यगृह, रंगभवन. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू केला आणि पुढे या रंगभवनात कॉलेजची पोरं ढगांची पर्वा न करता उघड्यावर नाचली. शेजारीच कॉलेज, जवळपास हॉस्पिटलं. मग शांतता क्षेत्राचे नियम आले: हॉस्पिटल, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत गोंगाटाला मनाई. रुग्णांची बाजू खरीच आहे; डबल बास ड्रमच्या साथीने कोणाचंही प्लॅस्टर सुकू नये. रंगभवन गप्प झालं आणि रॉक बिअर बारमध्ये राहायला गेलं.

तिथे एक गोम आहे. मेटलचं वेड लागतं सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि महाराष्ट्रात बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे ज्याच्या अंगात भूत संचारलंय तो दाराबाहेर, आणि आत बसलेल्याला पनीर टिक्का येईपर्यंत शांतता हवी. त्यात हॉटेलवाला डोकी मोजत नाही, ग्लास मोजतो. मॉश पिटमध्ये एकमेकांवर आदळणारी पोरं पिणार कधी?

ज्यांनी हे ओळखलं त्यांनी वाट पाहिली नाही. २००० साली निघालेल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्या मेटल बँडच्या साहिल माखिजाने आपल्या बँडपुरतं न पाहता स्वतःचं लेबल काढलं, इतरांचेही अल्बम काढले, आणि ‘हेडबँगर्स किचन’ नावाने चक्क स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू केला. श्रोता कानातून येत नसेल तर पोटातून आणावा, हा विचार मला फार मराठी वाटतो. मुंबईतच ‘भयानक मौत’ नावाचा बँडही झाला. त्या नावाने सोसायटीच्या हॉलची पावती फाडून दाखवावी कोणी! तरीही त्यांना ऐकणारे मिळाले.

थोड्या माणसांवर कला जगवणं आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं लावली, तेव्हा व्यावसायिक नाटकांच्या शिवाजी मंदिरची गर्दी तिथे कोणी मागितली नव्हती. लहान सभागृह, परवडणारं तिकीट आणि पुन्हा पुन्हा येणारी माणसं यांवर ती चळवळ उभी राहिली.

भाच्याला मी हेच सांगतो. चारशेच्या सभागृहात चाळीस माणसं म्हणजे शोकसभा. पन्नासच्या खोलीत तीच चाळीस म्हणजे चेंगराचेंगरी. खोली लहान घ्या. दुपारी वाजवा, म्हणजे शाळकरी पोरंही येतील आणि त्यांचे आईबाप पोलिसांत जाणार नाहीत. वेळ म्हणजे वेळ. कर्जतच्या लोकलला तुमच्या साउंड-चेकशी कर्तव्य नाही. दर आठवड्याला वाजवू नका, लोकांना जरा चुकल्यासारखं वाटू द्या. आपलं वाजवून झालं की दुसऱ्याचं ऐकायला थांबा. चहा प्यायला पळालेल्या बँडला पुढच्या खेपेला कोणी टाळ्या देत नाही. आणि गाण्यांच्या मधे मराठीत बोला. गाण्यातलं नाही कळलं, तरी निदान पोरगा कुठला ते कळतं.

तुम्हालाही एक विनंती. गावात असला कार्यक्रम लागला तर जा. भाचा वाजवत असला तरी पास मागू नका, तिकीट काढा. कापूस खिशात ठेवा. आवडलं तर काळा टी-शर्ट घ्या. नाही आवडलं, तर किती भयंकर होतं ते चार जणांना तपशीलवार सांगा. त्यातला एक पुढच्या वेळी नक्की जाईल, आणि बँडला तेवढा एक पुरतो.