आंबा बाहेर, गवत आत

मे २०२५ मध्ये भारतातून विमानाने गेलेल्या आंब्यांच्या किमान १५ खेपा अमेरिकेने लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या. ठपका अळीचा नव्हता, फळमाशीचा नव्हता, कोयीतल्या भुंग्याचाही नव्हता. किडका निघाला तो कागद! ‘पीपीक्यू २०३’ नावाचा फॉर्म म्हणे चुकीचा दिला गेला होता. माल पदरचं भाडं भरून परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा, असं निर्यातदारांना सांगण्यात आलं. नाशवंत फळाला परतीचं विमानभाडं कोण भरणार? आंबा तिकडेच धारातीर्थी पडला. निर्यातदारांच्या अंदाजाने सुमारे ५ लाख डॉलर पाण्यात गेले.

गंमत अशी, की हा कागद अमेरिकेचाच. तिथल्या कृषी खात्याचा अधिकारी नवी मुंबईच्या विकिरण केंद्रात हजर असतो, त्याच्या डोळ्यांदेखत आंब्यावर किरण सोडले जातात आणि मग कागद हाती पडतो. म्हणजे अमेरिकेने वाशीच्या खाडीकाठी दिलेला शब्द अमेरिकेलाच कॅलिफोर्नियात पटला नाही. घरातल्या घरातलं भांडण. जीव गेला पाहुण्याचा.

बरं, या पाहुण्याने सोसलेलं काही कमी नाही. त्याला किमान ४०० ग्रे इतक्या किरणांचा मारा खावा लागतो. त्याने किडा जागीच मरतो असं नाही, पण त्याचा वंश तिथेच खुंटतो. २००७ साली अमेरिकेचं दार उघडलं, तेव्हा कोकणच्या राजाला आधी लासलगावला, म्हणजे थेट कांद्याच्या दरबारात, हजेरी लावावी लागे; अमेरिकेला मान्य असलेलं केंद्र तिथेच होतं. युरोपची तऱ्हा वेगळी. फळमाशी सापडली म्हणून २०१४ साली त्यांनी आंब्याबरोबर वांगं, कारलं, पडवळ आणि अळू यांनाही उंबऱ्याबाहेर काढलं. आंब्याला पुढच्या वर्षी आत घेतलं. आता गरम पाण्यात अभ्यंगस्नान केल्यावरच तो युरोपला शिवतो.

आपल्याकडे सोवळं नाही असं मात्र कुणी समजू नये. घातक किडींविरुद्धचा आपला कायदा १९१४ सालचा. त्याच्या जोडीला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश. परदेशातून रोप किंवा बी आणायचं, तर आयात परवाना हवा आणि पाठवणाऱ्या देशाचा ‘फायटोसॅनिटरी’ दाखलाही हवा. यंत्र आणलं, तरी ते ज्या लाकडी खोक्यात बसून आलं, त्या खोक्यावर प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. बंदरात निरीक्षक नमुना काढतो, भिंगाखाली धरतो, संशय आला तर फ्युमिगेशन करायला लावतो.

१९१४ च्या त्या कायद्याने चाळिशी ओलांडली असताना, १९५५ च्या सुमारास, पुण्यात एक पांढऱ्या फुलांचं झुडूप दिसलं. परवाना नाही, दाखला नाही, शिक्का नाही. लोकांनी खापर अमेरिकेहून आलेल्या गव्हावर फोडलं आणि गाजर गवताचं ‘काँग्रेस गवत’ असं बारसं करून टाकलं. अमेरिकेच्या पीएल ४८० कायद्याखालचा गव्हाचा करार झाला १९५६ साली; म्हणजे गवताने करारावरच्या सहीचीसुद्धा वाट पाहिली नाही! आज ते रेल्वे रुळांपासून कचेऱ्यांच्या आवारापर्यंत सुखाने नांदतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाज आणि शिंका वाटतं.

त्याचा फडशा पाडायला मेक्सिकोतून भुंगा मागवला गेला. तो बिचारा रीतसर आला. १९८३ साली बंगळुरूला उतरला, विलगीकरणात राहिला, दुसरं पीक खात नाही याची परीक्षा दिली, मग सुटला. पुढे कर्नाटकातच तो सूर्यफुलाच्या पानावर दिसला आणि गहजब झाला. सरकारने चौकशी समिती नेमली. समितीने भुंग्याला निर्दोष सोडलं. गवताला मात्र कुणी साधी नोटीसही धाडली नाही.

२०१८ साली कर्नाटकातल्या मक्यात गवतासारखीच बिनपरवान्याची लष्करी अळी सापडली. वर्ष संपायच्या आत ती महाराष्ट्रातही पोचली. कूळ अमेरिका खंडातलं. हिचा पतंग एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत उडू शकतो, आणि वाटेत त्याला एकही खिडकी लागत नाही, जिथला बाबू चष्म्यावरून बघत म्हणेल, ‘झेरॉक्स आणली का?’